मेगाब्लॉकच्या आदल्या संध्याकाळी संकेतस्थळ का कोलमडते : हजारो पानांच्या वर्डप्रेसचे समस्या निवारण

मुंबई उपनगरी लोकलच्या प्रत्येक दोन स्थानकांसाठी स्वतंत्र पान असलेले एक मराठी संकेतस्थळ वर्डप्रेस या मजकूर-व्यवस्थापन प्रणालीवर चालते. रविवारच्या मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवण्याची) माहिती शनिवारी संध्याकाळी एकगठ्ठा आयात करून भरली जाते आणि त्यानंतर तासाभरात संकेतस्थळ बसते. डेटाबेसच्या प्रोसेसरवरचा भार शंभर टक्क्यांवर जातो, वाचकाला ५०४ क्रमांकाची त्रुटी दिसते आणि डॅशबोर्डमधली पानांची यादी उघडता उघडत नाही. मोठा सर्व्हर घेतला की काही आठवडे बरे जातात, मग नवीन स्थानके किंवा इंग्रजी आवृत्तीची पाने जोडली जातात आणि तेच दुखणे पुन्हा उभे राहते. हे वारंवार का होते आणि ते मुळापासून कसे काढावे, हे मी येथे सविस्तर मांडत आहे. उदाहरण लोकलचे असले, तरी पिनकोडनिहाय दुकाने, वॉर्डनिहाय मालमत्ता दर किंवा महाविद्यालयनिहाय प्रवेशमर्यादा दाखवणाऱ्या संकेतस्थळांनाही हे निदान जवळपास जसेच्या तसे लागू पडते.

प्रथम आकाराचा अंदाज घेऊ. समजा, आपण १२० स्थानके धरली. जाणे आणि येणे वेगळे मोजले, तर १२० गुणिले ११९ म्हणजे १४,२८० पाने होतात. प्रत्येक पानाला पंचवीस कस्टम फील्ड, म्हणजे माहितीचे जादा रकाने, असतील, तर ते साठवणाऱ्या पोस्टमेटा या तक्त्यात ३,५७,००० ओळी तयार होतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या दृष्टीने हा आकडा किरकोळ आहे. साडेतीन लाख ओळींनी डेटाबेस आडवा पडत असेल, तर दोष ओळींच्या संख्येत नसून त्या शोधण्याच्या पद्धतीत आहे, आणि म्हणूनच सर्व्हर वाढवणे हा उपाय टिकत नाही. जे काम पानांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याला दुप्पट ताकदीचे यंत्र दिले तरी पाने दीडपट झाली की ती ताकद संपते.

आधी मोजमाप

कोणतेही प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेले सॉफ्टवेअर) काढण्यापूर्वी किंवा घालण्यापूर्वी मायएसक्यूएलची स्लो क्वेरी लॉग, म्हणजे संथ क्वेरींची (डेटाबेसला केलेल्या विचारणांची) नोंदवही, सुरू करावी. तिची मूळ मर्यादा दहा सेकंदांची असते, त्यामुळे नऊ सेकंद चाललेली क्वेरी तिच्यात दिसतच नाही. ही मर्यादा एका सेकंदावर आणावी आणि शनिवारची आयात होऊ द्यावी. त्याच वेळी क्वेरी मॉनिटर हे प्लगइन लावून, लॉगिन केलेल्या अवस्थेत एखादे जोडीपान, म्हणजे दोन स्थानकांचे पान, उघडावे आणि त्या एका पानासाठी एकूण किती क्वेरी झाल्या व त्यातील सर्वांत संथ कोणती, हे नोंदवून ठेवावे. एक क्वेरी फार संथ असणे आणि हजार क्वेरी थोड्या थोड्या संथ असणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यावर इंडेक्स (हवी ती ओळ चटकन शोधून देणारी सूची) हा इलाज असतो, दुसऱ्यावर नसतो. मायएसक्यूएलमधील इनोडीबी या साठवणयंत्रणेच्या बफर पूलचा, म्हणजे डेटा स्मृतीत ठेवण्याच्या जागेचा, आकारही याच वेळी पाहावा. तो मूळ १२८ एमबीवरच राहिला असेल, तर तो वाढवणे योग्यच आहे, परंतु त्याने पुढील कोणताही दोष दुरुस्त होणार नाही.

अशा संकेतस्थळांच्या लॉगमध्ये जी क्वेरी बहुधा सर्वांत वर दिसते, ती पाहून बहुतेकांना नवल वाटते. ती वेळापत्रकाची नसते. ती पोस्टच्या (वर्डप्रेस प्रत्येक पान ज्या नोंदीत ठेवते तिच्या) नावाची, म्हणजे पत्त्यात पानाची ओळख दाखवणाऱ्या भागाची, स्लगची असते.

देवनागरी स्लगचा फास

वर्डप्रेसच्या पोस्ट तक्त्यात स्लगसाठी २०० अक्षरांचा रकाना आहे आणि देवनागरी स्लग त्यात टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात साठवला जातो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात तीन बाइटचे असते आणि प्रत्येक बाइट लिहायला तीन अक्षरे लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा खर्च होतात. येथे काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. दोनशे जागांमध्ये अशी जेमतेम बावीस चिन्हे मावतात, आणि शब्दांमध्ये आडव्या रेघा असतील तर त्याहूनही कमी.

आता एक नेहमीचे शीर्षक घेऊ : «मुंबई उपनगरी लोकल वेळापत्रक : दादर ते ठाणे». «मुंबई» ची पाच चिन्हे, «उपनगरी» ची सहा आणि «लोकल» ची चार अशी पंधरा झाली. त्यांचे १३५ आणि तीन रेघांचे तीन मिळून १३८ जागा गेल्या. उरलेल्या ६२ जागांमध्ये «वेळापत्रक» मधील फक्त सहा चिन्हे बसतात, म्हणून स्लग «मुंबई-उपनगरी-लोकल-वेळापत» येथे तुटतो. दादर आणि ठाणे ही नावे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. चर्चगेट ते विरार असो किंवा पनवेल ते वाशी, सर्व १४,२८० पानांचा मूळ स्लग अगदी एकच होतो आणि वर्डप्रेस त्यांना वेगळे ठेवण्यासाठी शेवटी २, ३, ४ असे आकडे जोडत जाते. आपल्या पानांच्या पत्त्यांच्या शेवटी चार-पाच आकडी संख्या दिसत असेल, तर पुढचे वाचण्याआधीच निदान झाले असे समजावे.

हे आकडे जोडण्याचे काम कसे चालते, ते पाहण्यासारखे आहे. वर्डप्रेस आधी मूळ स्लग शिल्लक आहे का हे डेटाबेसला विचारते. नसेल तर २ जोडून विचारते, मग ३ जोडून, आणि मोकळा आकडा मिळेपर्यंत दर वेळी एक नवी क्वेरी टाकते. शंभरावे पान तयार होताना शंभर क्वेरी होतात आणि शेवटचे पान तयार होताना १४,२८०. पूर्ण आयातीची बेरीज १० कोटींच्या वर जाते. आयात सुरुवातीला भराभर चालते आणि पुढे पुढे रांगू लागते, याचे हेच कारण आहे. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे तिची) वेळमर्यादा वाढवून हे काम फक्त जास्त वेळ रांगते.

याहून खोल दोष इंडेक्समध्ये आहे. स्लगच्या रकान्यावर इंडेक्स असतो खरा, पण तो पहिल्या १९१ अक्षरांपुरताच असतो. वरील तुटलेल्या स्लगची लांबी मोजली, तर २१ चिन्हांचे १८९ आणि रेघांचे तीन मिळून ती १९२ भरते. पानांना वेगळे करणारा आकडा त्यानंतर येतो, म्हणजे इंडेक्सच्या हद्दीबाहेर. एखाद्या चाळीतील सगळ्या पत्रांवर चाळीचे नाव तेवढे राहावे आणि खोली क्रमांकाचा कोपरा फाटून जावा, मग पोस्टमनने प्रत्येक दार ठोठवावे, तशी मायएसक्यूएलची अवस्था होते. वाचकाने एक पान उघडले की इंडेक्स चौदा हजार ओळींकडे बोट दाखवतो आणि त्या सर्व तपासाव्या लागतात.

शनिवारची गोष्ट यातून उलगडते. आयात करणारे प्लगइन प्रत्येक पान पुन्हा जतन करते आणि जतन करताना वर्डप्रेस स्लग अनन्य असल्याची पुन्हा खात्री करते. दुसऱ्या कोणत्याही पानाचा तो स्लग नाही, हे सिद्ध करायला जवळपास सर्वच ओळी पाहाव्या लागतात. १४,२८० पाने गुणिले १४,२८० ओळी म्हणजे २० कोटींहून अधिक ओळींचे वाचन होते, आणि तेही मेगाब्लॉकची चौकशी करणारे वाचक येत असतानाच.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो काळजीपूर्वक करायला हवा. स्लगमध्ये फक्त वेगळेपणा दाखवणारे शब्द ठेवावेत. «दादर-ठाणे» एवढा देवनागरी स्लग ७३ जागांत मावतो आणि वाचकालाही नीट दिसतो. मात्र सर्व नावे अशी बसतील असे गृहीत धरू नये. «छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस» या एका नावातच २६ चिन्हे आहेत, त्यामुळे ते एकटेच दोनशे जागांत मावत नाही, आणि त्या स्थानकापासून सुरू होणारी सर्व ११९ पाने पुन्हा एकाच स्लगवर आदळतील. तेथे «सीएसएमटी» हे रूढ लघुरूप वापरावे. दादर पश्चिम रेल्वेवर आहे आणि मध्य रेल्वेवरही आहे, त्यांचे संकेतांकही डीडीआर आणि डीआर असे वेगळे आहेत, तेव्हा ही दोन स्थानके मानायची की एक, हा निर्णय स्लग ठरवण्यापूर्वीच घ्यावा. रोमन लिपीतील स्लग घेतला तर जागेचा प्रश्नच मिटतो. माझे मत असे, की ज्या पानांचे पत्ते यंत्र तयार करणार आहे, तेथे रोमन स्लग ठेवावा आणि संपादकाने हाताने लिहिलेल्या लेखांना मराठी स्लग आवर्जून द्यावा.

जुने पत्ते नव्यांकडे वळवण्यासाठी ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन करावे, परंतु ते वेब सर्व्हरच्या पातळीवरील नकाशा-फाइलमधून (जुना पत्ता आणि नवा पत्ता यांच्या यादीतून) करावे. प्रकाशित पोस्टचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना स्लग पोस्टमेटामध्ये आपणहून नोंदवते आणि न सापडलेल्या प्रत्येक पत्त्यासाठी त्या नोंदी तपासते. हजारो पानांचे स्लग एकदम बदलल्यावर ही सोय ओझे बनते, म्हणून वेब सर्व्हरवरची व्यवस्था सुरू झाल्याची खात्री करून त्या नोंदी काढून टाकाव्यात.

पान कोणते आणि ओळ कोणती

स्लग दुरुस्त झाला की लॉगमध्ये वर चढते ती पोस्टमेटाची क्वेरी. या तक्त्यात फील्डच्या नावावर इंडेक्स असतो, पण फील्डच्या मूल्यावर नसतो, कारण मूल्याचा रकाना मोठ्या मजकुरासाठी आहे. «निघण्याचे स्थानक दादर, पोहोचण्याचे स्थानक ठाणे, मार्ग मध्य» अशी तीन अटींची विचारणा केली, की हा तक्ता तीनदा जोडला जातो आणि प्रत्येक जोडणीत त्या नावाच्या सर्व ओळींची मूल्ये वाचली जातात. त्यात पाने क्रमांकित करण्यासाठी एकूण संख्या मोजण्याची सूचनाही मूळ वर्डप्रेस क्वेरीत असते. जेथे पृष्ठांकन दाखवायचे नाही, तेथे ती मोजणी बंद करावी. या एका बदलाने मुखपृष्ठावरील आणि साइडबारमधील यादीच्या क्वेरी पुष्कळ हलक्या होतात.

तात्पुरता उपाय म्हणून गाळणीसाठी लागणारी फील्ड टॅक्सॉनॉमीत (वर्गीकरणाच्या तक्त्यांत) हलवता येतात, कारण तेथील नाती आकड्यांवर आणि इंडेक्सवर चालतात. तरीही मला कायमचा उपाय वेगळा वाटतो. दादर ते ठाणे या पानावर कोणी संपादक काही लिहीत नसेल आणि तेथील सर्व मजकूर डेटामधून येत असेल, तर ती पोस्ट नाही. ती डेटाबेसमधील एक ओळ आहे आणि तिला तिचा स्वतःचा तक्ता मिळायला हवा. त्या तक्त्यात निघण्याच्या स्थानकाचा क्रमांक, पोहोचण्याच्या स्थानकाचा क्रमांक आणि या दोघांवर मिळून एक संयुक्त अनन्य इंडेक्स ठेवावा. मग वर्डप्रेसमध्ये पत्त्याचा एकच नियम नोंदवावा, जो पत्त्यातील दोन नावे ओळखेल, तक्त्यातून ती ओळ आणेल आणि टेम्प्लेटला (पानाच्या साच्याला) देईल. चौदा हजार पोस्ट अशा रीतीने नाहीशा होतात आणि उरतात फक्त १२० स्थानकांच्या पोस्ट, ज्यांवर पूल कोणत्या बाजूला आहे, रिक्षाचा थांबा कोठे आहे, पावसाळ्यात कोणत्या भागात पाणी साचते, असा माणसाने लिहिलेला मजकूर असतो. संपादकाच्या डॅशबोर्डमध्येही मग तेवढेच दिसते जेवढे त्याला खरोखर हाताळायचे आहे.

ओळखीसाठी नाव किंवा संकेतांक न वापरता स्वतःचा क्रमांक वापरावा, असा माझा आग्रह आहे. मुंबईत स्थानकांची नावे बदलतात. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात «महाराज» जोडले गेले आणि २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. नाव हीच किल्ली असेल, तर आयात करणारी प्रणाली प्रभादेवीला नवे स्थानक समजते, त्याची शेकडो नवी पाने बनवते आणि जुनी पाने तशीच मागे राहतात. क्रमांक किल्ली असेल, तर एका ओळीतील नाव बदलले की काम झाले.

पोस्ट काढून टाकल्यामुळे काही सोयी जातात आणि त्यांची व्यवस्था आधीच करावी लागते. वर्डप्रेसचा अंतर्गत शोध या पानांना ओळखणार नाही, एसईओ (शोधयंत्रांसाठीच्या) प्लगइनमधील शीर्षके आणि वर्णने टेम्प्लेटमधून द्यावी लागतील आणि साइटमॅपसाठी (शोधयंत्रांना दिल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या यादीसाठी) स्वतंत्र पुरवठादार वर्ग, म्हणजे पत्ते पुरवणारा कोड, लिहावा लागेल. हे सर्व एका अनुभवी विकासकाच्या आवाक्यातले आहे. ज्यांच्याकडे विकासक नाही, त्यांनी निदान एवढे पाहावे, की जोडीपानांचा पोस्ट प्रकार श्रेणीबद्ध (पानाखाली उपपान अशा रचनेचा) ठेवलेला नाही. श्रेणीबद्ध प्रकारात डॅशबोर्डची यादी झाडाच्या रूपात दाखवण्यासाठी वर्डप्रेस सर्वच पानांची जंत्री एकदम मागवते, आणि यादी न उघडण्याचे कारण बहुधा हेच असते.

शनिवारची आयात आणि रिकामा कॅशे

वरील दुरुस्त्यांनंतरही शनिवारी संध्याकाळी धक्का बसत असेल, तर कॅशेकडे, म्हणजे तयार पानांच्या साठवलेल्या प्रतींकडे, वळावे. आयात संपली की अनेक कॅशे प्लगइन संपूर्ण कॅशे रिकामा करतात. त्या क्षणी येणारा प्रत्येक वाचक पान नव्याने बनवायला लावतो, आणि एकाच लोकप्रिय पानासाठी आलेले अनेक वाचक तेच पान एकाच वेळी अनेकदा बनवायला लावतात. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये यावर दोन सोयी आहेत : एकाच पानासाठी फक्त एका विनंतीला मागच्या वर्डप्रेसपर्यंत जाऊ देणारे कुलूप, आणि नवीन प्रत तयार होईपर्यंत जुनी प्रत देत राहण्याची सूचना. या दोन्ही सुरू कराव्यात. व्हार्निश या कॅशे सॉफ्टवेअरमध्येही जुनी प्रत काही काळ देत राहण्याची अशीच सोय आहे.

आयातीनेही बदललेल्या ओळीच लिहाव्यात. प्रत्येक ओळीच्या मजकुराची एक हॅश किंमत (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) जपून ठेवावी, नवीन फाइलमधील ओळीची हॅश तिच्याशी ताडावी आणि फरक असेल तरच ओळ लिहून त्या एकाच पानाचा कॅशे काढावा. हे काम वाचकाच्या भेटीवर चालणाऱ्या डब्ल्यूपी-क्रॉनवर (वर्डप्रेसच्या ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सोयीवर) सोपवू नये, कारण गर्दीच्या वेळी तोच भार वाढवतो. तो बंद करून सर्व्हरच्या स्वतःच्या क्रॉनमधून, पहाटेच्या वेळी आयात चालवावी.

पण शनिवारी मेगाब्लॉकसाठी मुळात काय बदलते, याचा विचार केला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मेगाब्लॉक स्थानकांच्या जोडीचा नसतो, मार्गाचा असतो. माटुंगा ते मुलुंड या टप्प्यात जलद मार्गावर काम असेल, तर ती एकच सूचना आहे, मात्र आयात करणारी प्रणाली ती हजारो पानांच्या मजकुरात एक एक करून लिहीत बसते. ही सूचना स्वतंत्र छोट्या तक्त्यात मार्गनिहाय ठेवावी आणि पानावर ती वेगळ्या विनंतीने, पाच मिनिटांच्या कॅशेसह आणावी. जोडीपानाचा मुख्य मजकूर मग वेळापत्रक बदलेपर्यंत महिनोन् महिने कॅशेमध्ये राहू शकतो. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले आणि गाड्या थांबल्या, तरी संपादकाने एका ओळीत लिहिलेली सूचना काही मिनिटांत त्या मार्गावरच्या सर्व पानांवर दिसते. प्रवाशाला त्या वेळी हीच माहिती हवी असते, आणि नेमके तेव्हाच संकेतस्थळ बंद असणे हे मला सर्वांत गंभीर वाटते.

यंत्रांची वर्दळ

काही ठिकाणी वाचक थोडे असूनही भार चढलेला दिसतो. वेब सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या, तर शोधयंत्रांचे आणि इतर बॉट क्वचितच कोणी उघडत असलेली पाने एकामागून एक मागताना दिसतील. ती पाने कॅशेमध्ये नसतात, म्हणून प्रत्येक भेट थेट डेटाबेसवर येते. डहाणू रोड ते खोपोली ही जोडी पाहा. एक पश्चिम रेल्वेच्या टोकाला, दुसरे मध्य रेल्वेच्या एका फाट्याच्या टोकाला, आणि त्यांच्यात थेट लोकल नाही. अशी पाने केवळ गणिताने तयार होतात. मूल्य न वाढवता मोठ्या प्रमाणावर पाने तयार करण्याविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅम धोरणात स्पष्ट तरतूद केली आहे. थेट गाडी किंवा एका बदलात होणारा प्रवास ज्या जोड्यांना आहे, त्यांचीच पाने ठेवावीत आणि उरलेल्यांसाठी शोधपेटी द्यावी. साइटमॅपच्या एका फाइलला ५०,००० पत्त्यांची मर्यादा आहे आणि वर्डप्रेस स्वतः प्रत्येक फाइलमध्ये २,००० पत्ते ठेवते, त्यामुळे तेथे सहसा अडचण येत नाही. फाइल मागणीनुसार बनत असेल, तर तीही कॅशे करावी.

ऑप्शन्स या वर्डप्रेसच्या सेटिंगांच्या तक्त्यातील आपोआप लोड होणाऱ्या नोंदीही एकदा पाहाव्यात. वर्डप्रेसमधील साइट हेल्थ हा तपासणीचा विभाग सुमारे ८०० केबीच्या पुढे त्याबद्दल इशारा देतो. आयात करणारी काही प्लगइन आपली संपूर्ण प्रगती तेथे साठवतात आणि मग ती प्रत्येक पानासोबत वाचली जाते.

दुरुस्ती झाली का, हे तपासण्यासाठी पान उघडून वेग पाहू नये, कारण कॅशे आपली फसवणूक करतो. एखाद्या जोडीपानाची मूळ क्वेरी घेऊन ती एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते सांगणाऱ्या) आज्ञेसह चालवावी आणि तपासल्या जाणाऱ्या ओळींचा अंदाज पाहावा. पूर्वी तेथे चौदा हजारांच्या आसपास आकडा दिसत असे, आता एक दिसायला हवा. त्यानंतर चाचणीच्या सर्व्हरवर स्थानकांची संख्या मुद्दाम दुप्पट करून, म्हणजे पाने जवळपास चौपट करून, तीच आज्ञा पुन्हा चालवावी. आकडा एकवरच राहिला, तर पुढच्या शनिवारी स्लो क्वेरी लॉग सुरू ठेवून मेगाब्लॉकची सूचना भरावी. तो वाढला, तर पोस्ट किंवा पोस्टमेटा यांच्याकडे जाणारी एखादी वाट टेम्प्लेटमध्ये अजून शिल्लक आहे, आणि बहुधा ती «संबंधित पाने» दाखवणाऱ्या विजेटमध्ये सापडते.